‘कानाला दडा बसलाय’ म्हणून थांबू नका: अचानक ऐकू येईनासं होण्यामागची कारणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मिस्टरांचं वय ४९. बारा दिवसांपूर्वी सकाळी उठले तर डाव्या कानाला दडा बसलेला, आत सतत शिट्टी. आदल्या रात्री थंडीत मोटारसायकलवरून आले होते. वारा लागला असेल असं समजून मेडिकलमधून थेंब आणून घातले, लसणाचं तेलही सोडलं. आठव्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा नस गेल्याचं कळलं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत, एमआरआय सांगितला आहे. सहा वर्षांपासून शुगर आहे. हे कशामुळे झालं? गार वारा, मोबाइल की टेन्शन? दुसराही कान जाईल का? मुलांना धोका आहे का?

ताई, कारणांकडे वळण्याआधी एक सांगतो. ते आठ दिवस तुमच्या हलगर्जीपणामुळे गेले असं मनाला लावून घेऊ नका. पंचवीस वर्षं कान-नाक-घशाची ओपीडी करतोय. या आजाराचा जवळजवळ प्रत्येक पेशंट माझ्यासमोर बसून ‘डॉक्टर, दडा बसलाय’ असंच म्हणतो. मळ फुगून कान बुजला तरी आपण दडा म्हणतो, सर्दीने नाकापासून कानाकडे जाणारी नळी बंद झाली तरी दडाच म्हणतो आणि आतली ऐकण्याची यंत्रणा एका रात्रीत बंद पडली तरी शब्द तोच. पेशंटला आतून वाटतंही तसंच. पहिल्या दोन्हींत चार-आठ दिवस थांबल्याने फारसं बिघडत नाही. तिसऱ्यात मात्र एकेक दिवस मोलाचा असतो.

माझ्याकडे दूध संकलन केंद्र चालवणारे एक गृहस्थ आले होते. फोन कायम डाव्या कानाला लावायची सवय. एका सकाळी फोनवर काहीच ऐकू येईना, म्हणून ते आधी मोबाइलच्या दुकानात गेले. स्पीकर बदलून घेतला, तरी आवाज नाही. शेवटी दुकानातल्या पोराने फोन त्यांच्या उजव्या कानाला धरला आणि आवाज खणखणीत आला. ते तिथून थेट माझ्याकडे आले, दुसऱ्याच दिवशी. त्यांचं ऐकणं बऱ्यापैकी परत आलं, आणि त्याचं निम्मं श्रेय मी त्या पोराला देतो.

घरच्या घरी फरक ओळखायची एक साधी खूण आहे. तोंड मिटून लांब ‘म्‌म्‌म’ असा हुंकार काढायचा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते बघायचं. आत्ताच एका कानात बोट घालून करून बघा, हुंकार बोट घातलेल्या कानाकडे सरकेल. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल तर असंच होतं, आवाज बंद कानात घुमतो. नस गेली असेल तर उलट होतं, हुंकार चांगल्या कानात ऐकू येतो आणि बंद कान मुका राहतो. आम्ही कपाळावर ५१२ कंपनांचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, टेकवून हेच बघतो. ही खूण ऑडिओग्रामची, म्हणजे यंत्रावर ऐकणं मोजणाऱ्या तपासणीची, जागा घेत नाही, पण आज संध्याकाळी डॉक्टर गाठायचे की सर्दी उतरायची वाट बघायची, याचा अंदाज घ्यायला ती मदत करते.

आणि कानात मळ दिसला म्हणून तोच दोषी, असंही धरू नये. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी हीच चूक केली. एका शिक्षकांच्या कानातला मळ काढला, पडदा स्वच्छ दिसला. ते म्हणाले, ‘अजून मोकळं वाटत नाही.’ मी म्हणालो, ‘वाटेल दोन-चार दिवसांत.’ ते तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा तो कान जवळजवळ पूर्ण गेलेला होता. मळ होता आणि नसही गेली होती, दोन्ही एकाच वेळी. तेव्हापासून मळ काढल्यावर चिमटा टेकवल्याशिवाय मी एकाही पेशंटला खुर्चीतून उठू देत नाही.

तीन दिवसांच्या आत, ऑडिओग्रामवर लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांत किमान ३० डेसिबलने ऐकणं कमी झालं आणि दोष आतल्या कानात असला, की आम्ही त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतो. ३० डेसिबल म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं नेहमीचं बोलणं कुजबुजीसारखं वाटावं एवढी घट. अमेरिकेतला अंदाज वर्षाला लाखामागे ५ ते २७ जणांचा आहे. बहुतेकांचा एकच कान जातो आणि चाळिशी-पन्नाशीत प्रमाण सर्वांत जास्त. मिस्टरांचं वय त्यातच बसतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: कशामुळे? दहापैकी साधारण नऊ जणांत नेमकं कारण सापडत नाही. हे ऐकून घरच्यांना वाटतं की डॉक्टर नीट शोधत नाहीत. अडचण जागेची आहे. आतल्या कानातला ऐकण्याचा शंख वाटाण्याएवढा, जेमतेम अडीच वेढ्यांचा, आणि तो शरीरातल्या सर्वांत कठीण हाडाच्या पोटात बसवलेला. त्यातल्या ज्या पेशी आवाज नसेकडे पोचवतात त्या एका कानात सुमारे साडेतीन हजारच असतात, आणि मेल्या तर नव्या उगवत नाहीत. यकृतातून किंवा मूत्रपिंडातून तुकडा काढून तपासतात तसं जिवंत माणसाच्या शंखाचं करता येत नाही, केलं तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल. त्यामुळे आत काय घडलं हे आम्ही बाहेरून, रक्ताच्या तपासण्यांवरून आणि पेशंटच्या हकिकतीवरून ताडतो.

मिस्टरांच्या बाबतीत शुगर आहे, म्हणून रक्तपुरवठ्याबद्दल आधी बोलू. शंखाला रक्त देणारी धमनी एकच आणि अतिशय बारीक. हाताच्या बोटाला दोन बाजूंनी रक्त येतं, एक वाट अडली तर दुसरी सांभाळून घेते. शंखाला अशी आडवाट नाही. ती धमनी आखडली किंवा तिच्यात सूक्ष्म गुठळी अडकली, तर पेशी फार वेळ तग धरत नाहीत. शुगर, ब्लड प्रेशर, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या चारही गोष्टी बारीक धमन्या खराब करतात, मग ती डोळ्याच्या पडद्यातली असो, मूत्रपिंडातली असो की कानातली. असे आजार असलेल्यांत अचानक बहिरेपणा जास्त आढळतो. पण म्हणून ‘शुगरमुळेच झालं’ असं मी लिहून देणार नाही. शुगर नसलेले, धडधाकट, कसलंही व्यसन नसलेले तरुणही माझ्याकडे याच तक्रारीने आले आहेत. शुगरने जमीन तयार केली असेल, ठिणगी कशाची पडली ते सांगता येत नाही.

याच धमनीमुळे एक धोका मात्र मी प्रत्येक घराला बजावून सांगतो. कानाची ही धमनी मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीचा फाटा आहे. त्यामुळे क्वचित अचानक गेलेला कान आणि जोराची चक्कर ही मेंदूतल्या पक्षाघाताची सुरुवात असते. ऐकणं जाण्याबरोबर तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, हातापायाला मुंग्या किंवा कमजोरी आली, चालताना एका बाजूला झोक जाऊ लागला, तर कानाच्या डॉक्टरांची वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करून थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. शुगर-बीपीवाल्या माणसाने तर हे पाठच करावं.

दुसरा मोठा संशयित विषाणू. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतः जाहीर केलं की विमानातून उतरल्यावर आपल्याला काहीच ऐकू येईना, आणि डॉक्टरांनी विषाणूच्या हल्ल्यामुळे नसेचा बहिरेपणा आल्याचं निदान केलं. त्यानंतर कित्येक आठवडे ओपीडीत लोक त्यांचं नाव घेऊन विचारत होते, आणि काही जण त्यामुळे वेळेत आलेही. विषाणूंपैकी काहींचा पुरावा स्पष्ट असतो. लहान मुलांत गालगुंड येऊन गेल्यावर क्वचित एक कान कायमचा जातो, आणि मूल दुसऱ्या कानावर निभावून नेत असल्यामुळे घरात वर्षानुवर्षं कळतही नाही. आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची तिच्यात नसते. ती खाजगीत एमएमआरमधून मिळते, आणि मी प्रत्येक आईबापांना ती द्यायला सांगतो. दुसरी नागीण. कानाच्या पाळीवर किंवा भोकात पाण्याचे फोड, असह्य ठणका आणि मागोमाग तोंड वाकडं होणं, असं दिसलं तर विषाणूवरची औषधं त्याच दिवशी सुरू व्हायला हवीत. पण फोड नाहीत, काही खूण नाही, नुसता कान गेलाय, अशा वेळी विषाणूवरच्या गोळ्यांचा फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्या लिहून दिल्या नाहीत म्हणून डॉक्टरांवर रागावू नका.

एमआरआय कशाला, हा खर्चाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणार. अचानक कान गेलेल्या शंभरांपैकी दोन-तीन जणांत ऐकण्याच्या नसेवर एक गाठ सापडते. ती कॅन्सरची नसते, सावकाश वाढते. पण कान जाणं ही तिची पहिली आणि कधी कधी एकमेव खूण असते. गोळ्यांनी ऐकणं सुधारलं तरी गाठ नाही असं ठरत नाही, म्हणून ‘आता बरं वाटतंय, एमआरआय राहू दे’ असं करू नका. तो आजच्या आज नसला तरी चालेल, पण व्हायला हवा. त्याऐवजी सीटी स्कॅन स्वस्तात करून देतो असं कोणी म्हटलं तर इथे त्याचा उपयोग नाही, छोटी गाठ त्यात दिसत नाही.

औषधांचा इतिहासही नीट आठवून डॉक्टरांना सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं, कॅन्सरसाठीचं सिस्प्लॅटिन, लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रा, ही सगळी शंखावर परिणाम करू शकतात, बहुतेक वेळा दोन्ही कानांवर. पुरुष जी सांगायला लाजतात ती लैंगिक ताकदीची गोळी, सिल्डेनाफिलच्या जातीची, तिच्यानंतर अचानक कान गेल्याच्या नोंदी आहेत, आणि २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा तिच्या माहितीपत्रकात घालायला लावला. मी हे पेशंटला एकट्याला, बायको-मुलांना बाहेर पाठवून विचारतो. मिस्टरांनाही त्यांच्या डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

आवाजाचा आणि दाबाचा मार वेगळा ओळखू येतो, कारण पेशंट वेळ सांगू शकतो: ‘सुतळी बॉम्ब शेजारी फुटला आणि त्या क्षणापासून.’ दिवाळीनंतरच्या सोमवारी अशी दोन-तीन मुलं हमखास येतात, आणि विसर्जनानंतर डीजेच्या भिंतीजवळ नाचलेली पोरं. स्फोटाने पडदाही फाटलेला असू शकतो, म्हणून अशा कानात थेंब किंवा तेल अजिबात घालायचं नाही. जड ओझं उचलताना, जोरात शिंकरताना किंवा पाण्यात खोल बुडी मारताना आत काहीतरी ‘फट्’ झालं आणि लगेच चक्कर येऊन ऐकणं गेलं, तर आतल्या कानाच्या खिडकीची झिल्ली फाटून द्रव झिरपत असण्याची शक्यता असते. तिथे सक्त विश्रांती आणि कधी ऑपरेशन लागतं.

मेनियरच्या आजारात, म्हणजे आतल्या कानातल्या द्रवाच्या बिघाडात, ऐकणं कमी-जास्त होत राहतं, चक्करची उबाळी तास-दोन तास टिकते. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने कानावर हल्ला केला तर सहसा दोन्ही कान काही आठवड्यांत पाठोपाठ उतरतात. सिफिलिस आजही विसरून चालत नाही, एका साध्या रक्ततपासणीत कळतो आणि बराही होतो. मेंदूज्वरानंतर कान गेला तर आतला शंख हाडाने भरत जाऊ शकतो, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशनने शंखात यंत्र बसवण्याचा, निर्णय वेळ न दवडता घ्यावा लागतो. आणि पूर्व विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार या भागांतला तरुण पेशंट असेल तर सिकलसेलची चाचणी करायला सांगावी. विळ्याच्या आकाराच्या त्या रक्तपेशी याच बारीक धमनीत अडकू शकतात.

गार वाऱ्याने नस जात नाही. थंडीत गाडी चालवून आल्यावर नाक चोंदून नळी बंद होऊ शकते, पण तो वेगळा दडा. तुमच्या मनात वारा बसला कारण तो आदल्या रात्रीचा होता. झोपेतून उठल्यावर कान गेल्याचं कळणं हे या आजारात फार वेळा होतं, आणि मग प्रत्येक जण आदल्या दिवसात काहीतरी शोधतो. मोबाइलच्या लहरींनी एका रात्रीत कान गेल्याचा पुरावा नाही. हेडफोनचा मोठा आवाज कान खराब करतो, पण तो वर्षानुवर्षं, हळूहळू. टेन्शनला मी दोष देत नाही. ज्याचा कान गेलाय त्याला ‘तू फार टेन्शन घेतोस म्हणून झालं’ असं घरच्यांनी म्हणणं हे फार दुखावणारं असतं, आणि ते सिद्धही झालेलं नाही.

दुसरा कान? दोन्ही कान जाण्याचं प्रमाण शंभरात पाचांहून कमी, आणि त्यात शरीरभर पसरलेला एखादा आजार निघण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या कानाच्या भीतीने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. पण आता त्यांचा तो एकच पुरता कान आहे, म्हणून कुठल्याही दवाखान्यात भरती झाले तर ‘माझा एक कान गेलेला आहे, कानाला घातक इंजेक्शन टाळता आलं तर टाळा’ हे आधी सांगायचं. तंबाखू असेल तर ती सुटायला हवी. शुगर आणि बीपीचे आकडे नुसते फाइलमध्ये न राहता आटोक्यात यायला हवेत.

मुलांना हा आजार वारशाने जाईल अशी काळजी बहुतेक घरांत नको. एक अपवाद सांगून ठेवतो. काही घराण्यांत पेशींच्या मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातला, एक बदल असतो, तो फक्त आईकडून मुलांत उतरतो, आणि अशा माणसाला वर सांगितलेल्या जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांची थोडी मात्राही बहिरं करू शकते. तुमच्या माहेरी कोणाचे कान टीबीच्या किंवा तशाच इंजेक्शनांनंतर गेले असतील तर मुलांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. मिस्टरांच्या आजाराशी याचा संबंध नाही, पण प्रश्न मुलांचा होता म्हणून लिहिलं.

उपचारांबद्दल. स्टेरॉइडची मदार ज्या अभ्यासावर उभी राहिली तो १९८० सालचा. त्यात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ६१ टक्के आणि नुसती दिसायला तशी गोळी घेतलेल्यांपैकी ३२ टक्के सुधारले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका लखलखीत फरक दिसला नाही, तरीही आजही तेच पहिलं औषध आहे, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर आशा सर्वांत जास्त. मिस्टरांचं आठव्या दिवशी सुरू झालं, म्हणजे खिडकी उघडी होती. मात्र या गोळ्या शुगर झपाट्याने वाढवतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी बघा, दुपार-संध्याकाळचा आकडा जास्त चढतो. वाढली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. शुगरच्या डॉक्टरांना फोन करून त्यांचं औषध वाढवून घ्या.

आकडे हाताबाहेर जात असतील, किंवा गोळ्यांचा कोर्स संपूनही ऐकणं परतलं नसेल, तर पडद्यातून बारीक सुईने स्टेरॉइड थेट मधल्या कानात सोडता येतं. काही दिवसांच्या अंतराने तीन-चार इंजेक्शनं, पडदा आधी बधिर करून, दहा मिनिटांचं काम. शुगरवर त्याचा परिणाम फार कमी. कान गेल्यापासून सहा आठवड्यांपर्यंत ते देण्यात अर्थ असतो, आणि मिस्टरांचा आज बारावाच दिवस आहे. याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा.

किती परत येईल हे मी इथून सांगू शकत नाही, पण कशावरून ठरतं ते सांगतो. पहिल्या ऑडिओग्राममध्ये घट जितकी खोल तितकं परतणं कठीण. सुरुवातीला चक्कर असेल, वय साठीच्या पुढे असेल, बारीक आवाजांच्या बाजूची पट्टी जास्त कोसळलेली असेल, तर आशा कमी होते. खालच्या, जाड आवाजांची पट्टी गेली असेल तर बऱ्याचदा चांगलं परततं. तुमच्याकडे तो कागद असेलच, त्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे चढते की उतरते ते बघा आणि डॉक्टरांकडून समजून घ्या.

शिट्टीचा त्रास रात्री शांततेत वाढतो. पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू ठेवा. बोलताना उजव्या बाजूला बसा. रस्ता ओलांडताना आवाज कुठून येतोय हे त्यांना सध्या कळणार नाही, म्हणून मोटारसायकल काही दिवस दुसऱ्याच्या हाती असू द्या. कोर्स संपल्यावर एक ऑडिओग्राम आणि कान गेल्यापासून सहा महिन्यांनी आणखी एक, हे दोन्ही पहिल्या कागदाला टाचून ठेवा. सहा महिन्यांनंतरही कान परतला नसेल तर श्रवणयंत्र, किंवा बंद बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारं यंत्र बसवता येतं. त्या वेळी तीनही कागद घेऊन जा.